पतीच्या नावाचा रकाना

बाई खरी आहे की नाही हे बघण्याचा पगार मी सरकारकडून वीसेक वर्षं घेतला. ऐकणाऱ्याला हसू येतं. माझ्या धाकट्या मेहुण्याने तर एका लग्नात भर पंगतीत विचारलं होतं, की भावजी, तपासता तरी कसं? पंगत हसली, मीही हसलो. पण प्रश्न वाटतो तितका वावगा नव्हता, म्हणून आधी कामच समजावून सांगतो.

सरकारला काय लागत नाही? शाळांना खडू लागतात, वसतिगृहांना गणवेश, दवाखान्यांना चादरी, कचेऱ्यांना फायली बांधायच्या नाड्या. हा माल विकत घेताना बायकांच्या संस्थांना पहिला मान द्यायचा, असं वरच्या लोकांनी ठरवलं. चांगलंच ठरवलं. फक्त ठरवल्याबरोबर आमच्या परभणी जिल्ह्यातल्या तमाम ठेकेदारांच्या आया, बायका आणि सुना एका रात्रीत कारखानदार झाल्या. तेव्हा बायकांची संस्था कोणती आणि बायकोच्या पदराआड बसलेला ठेकेदार कोणता, हे जागेवर जाऊन बघायचं आणि दाखला द्यायचा किंवा नाकारायचा. हे काम उद्योग निरीक्षकाचं, म्हणजे माझं. माझ्या दाखल्यावाचून संस्थेला सरकारी ऑर्डर मिळत नसे.

सेलूला एका अडत्याने आपल्या आईला खडूच्या कारखान्याची अध्यक्षा केलं होतं. म्हातारी खाटेवर बसून जप करत होती. मी विचारलं, आजी, खडू कशाचे करता? ती बिचारी मनापासून सांगू लागली, की तांदूळ तीन दिवस भिजू घालायचे, पाणी रोज बदलायचं, चीक शिजवायचा आणि कडक उन्हात घालायचं. कुरडयांची कृती इतकी नीट मी नंतर कुणाकडून ऐकली नाही. दाखला मात्र नाकारला.

गंगाखेडला आठ शिवणयंत्रं बघितली आणि आठवड्याने पाथरीकडच्या दुसऱ्या संस्थेत तीच आठ पुन्हा बघितली. एकाच्या चाकाचा दांडा तुटून तिथे लाकडाची खुंटी ठोकली होती, म्हणून ओळखलं. मी पुढे, टेम्पो मागे, असा त्यांचा प्रवास चालला होता. तेव्हापासून मी एक प्रश्न ठरवून टाकला. संस्थेत गेलो की आधी कागद बघायचे नाहीत. अध्यक्षाबाईंना विचारायचं, की या सगळ्यांत वाईट मशीन कोणती? ठेकेदाराची बायको म्हणायची, सगळ्या छान आहेत. जिने दिवसभर पाय मारलेत ती एका क्षणात बोट दाखवायची, वर दोन शिव्या द्यायची.

मी कडक होतो. तऱ्हेवाईक म्हणा हवं तर. कागदात एक रकाना रिकामा असला तर मला जेवण जात नसे. बायको म्हणायची, ह्यांना चित्रगुप्ताने स्वर्गात घ्यायचं म्हटलं तरी हे दारात उभे राहून त्याचं नेमणूकपत्र मागतील.

या अंकाच्या संपादकांनी मागितल्या त्या गमती इथे संपल्या. पुढचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता ती नाही, आणि माझी चौकशी लावू शकेल असं खात्यातही कुणी उरलेलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा वाद चालू होता ती वर्षं. वाद म्हणणं सोपं आहे. मराठवाड्यात घरं जळाली होती आणि जळालेल्या भिंती गावोगाव तशाच उभ्या होत्या. फिरतीवर गेलं की पाणी विचारायच्या आधी लोक आडनाव विचारत. अशात पिंगळीला स्टेशनजवळच्या एका खोलीत अकरा बायकांनी शिवणकामाची संस्था काढल्याचा अर्ज आला. मी गेलो. मराठ्यांच्या बायका, बौद्धवाड्यातल्या बायका, दोन मुसलमान बायका, मशीनला मशीन लावून बसलेल्या. एकाच घागरीतलं पाणी पीत होत्या. ते बघून मला बरं वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली, की गावाच्या डोळ्यांत हे किती दिवस खुपायचं राहील.

अध्यक्षा वच्छलाबाई. पंचविशीच्या आतबाहेरची, काटकुळी, आवाज इतका हळू की मला दोनदा विचारावं लागे. मी ठेवणीतला प्रश्न टाकला. तो पुरा व्हायच्या आत ती म्हणाली, ही तीन नंबरची, खालचा धागा तोडती मेली, दुसऱ्या कुणाच्या हाताला वळतच न्हाई. मी खूष झालो. कापड बेतणं तिचं, मापं तिची, सही तिची. तिची सहा वर्षांची मुलगी कोपऱ्यात चिंध्यांच्या ढिगावर बसून पाटीवर बाराखडी काढत होती. असली खरी संस्था वर्षातून एखादी दिसे. तिचा दाखला इतका पक्का करायचा की कुणा ठेकेदाराला बोट घालायला फट राहू नये, असं मी तिथल्या तिथे ठरवलं.

आणि तिथेच माती खाल्ली.

अर्जात नाव वच्छला, पुढे वडिलांचं नाव. चौथी पास असल्याचा माहेरच्या शाळेचा दाखला जोडलेला. गळ्यात मात्र काळी पोत. आता आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवं नाव लिहितात आणि त्या दिवसापासून सासरी ती त्या नावाची. त्याने आमच्या खात्याची फार पंचाईत व्हायची. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी, आणि हरकत घेणारा ठेकेदार टपलेलाच, की ही बाई बोगस आहे. म्हणून सासरच्या तलाठ्याकडून ‘दोन्ही नावांची बाई एकच’ असा दाखला मागवायचा, ही शिस्त मी लावून घेतली होती. नियमात ती कुठेही नव्हती. ती माझी हौस होती.

मी विचारलं, नवऱ्याचं नाव काय? तिची मान खाली गेली. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत ती गप्प राहिली.

आमच्या भागातली बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, हे लहान पोराला ठाऊक. प्रत्येक संस्थेत हा प्रसंग यायचा आणि माझा उपाय ठरलेला होता: शेजारणीला विचारायचं. मी हसलो. म्हणालो, लाजता काय बाई, सरकारी काम आहे. आणि शेजारच्या मशीनवरच्या शांताबाईंकडे वळलो. शांताबाई वयाने थोराड, बोलायला मोकळ्या. वच्छलेला मुलगी झाली म्हणून नवऱ्याने टाकलं, एवढंच त्यांना माहीत होतं. त्यांनी हसत हसत सांगून टाकलं, की नवऱ्याचं नाव मारोती, सासरचं हिचं नाव रुक्मिण, आणि गाव गंगाखेडच्या पलीकडचं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तेव्हा मात्र सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी परभणीच्या कचेरीतून तलाठ्याला पत्र गेलं. माझ्याच हातचा मसुदा. सदर महिला हल्ली पिंगळी येथे शिवणसंस्थेची अध्यक्षा असून, माहेरचे नाव वच्छला व सासरचे नाव रुक्मिण मारोती ही एकच व्यक्ती असल्याबाबत खात्री करून कळवावे. चार दिवसांनी पिंगळीला खोलीचं माप घ्यायला गेलो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की काळजी करू नका, सासरच्या गावी पत्र धाडलंय, दाखला आला की तुमचं काम झालं.

तिचा पाय थांबला. मशीनचं चाक आपलं आपण फिरत राहिलं आणि मग तेही थांबलं. तिने मुलीला आधी बाहेर पाठवलं. मग सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. नवऱ्याने अंगावर रॉकेल ओतलं होतं. काड्याची पेटी दमट होती म्हणून तीन काड्या वाया गेल्या, तेवढ्यात ती मागच्या दाराने निसटली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची, काखेत. सासू दारात उभी होती, ती जागची हलली नाही. नवरा मागून ओरडत होता, की जिथं सापडशील तिथं दोघींना विहिरीत घालीन. चार वर्षं ती माहेरीसुद्धा गेली नव्हती, कारण तो पहिला तिथेच हुडकणार.

सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “साहेब, तुमी नाव इचारलं तवा मला वाटलं, मी बोलले न्हाई की तुमी सोडून देताल. तुमी हसलात.”

चार दिवस झाले होते. पत्र पोचलं असणार. त्या कागदावर तिचं नाव होतं, नवऱ्याचं होतं, पिंगळीचा पत्ता होता, आणि खाली माझी सही होती. ठेकेदाराला फट राहू नये म्हणून मी तिच्या मारेकऱ्याला रस्ता दाखवला होता. शांताबाईंनी तोंडात पदर कोंबला होता आणि त्या स्वतःलाच थोबाडीत मारून घेत होत्या. मी म्हणालो, उद्या स्वतः जाऊन पत्र परत आणतो. कुणालाही धीर आल्याचं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंद निघाला. नामांतराच्या बाजूचा की विरोधातला, आता आठवत नाही. एसटी गाड्या आगारातून हलल्याच नाहीत. परभणीहून रेल्वेने रखडत, गोदावरीचा पूल ओलांडून गंगाखेड गाठलं आणि पुढे पायीच निघालो. दप्तर खांद्याला. त्यात कोरे कागद, शाईची पॅड आणि माझ्या हुद्द्याचा शिक्का, जागेवरच्या तपासणीत रजिस्टरांवर मारायला लागायचा म्हणून. वाटेत एका फाट्यावर दहापंधरा जण काठ्या घेऊन बसले होते. त्यांनी अडवून एवढंच विचारलं, की आडनाव काय. मी सांगितलं. त्या दिवशी, त्या फाट्यावर ते आडनाव चालण्यासारखं निघालं. पुढच्या फाट्यावर काय होईल हे कुणाला ठाऊक. माझे पाय मागे वळायला बघत होते, हे कबूल करतो.

गावात तलाठी नव्हता. त्याच्याकडे पाच गावं. कोतवाल भेटला. तो म्हणाला, सरकारी कागद आला होता खरा, पण त्याला वाचता येत नाही. पोस्टमनने फोडून वरवर बघितलं आणि सांगितलं की यात मारोतीचं नाव आहे, म्हणून त्याने तो मारोतीच्या घरी नेऊन दिला. मारोती ऊसतोडीला गेलेला, घरी त्याची आई. एवढं ऐकून मला जरा श्वास आला. तो पुढे म्हणाला, “पर मारोती परवाच माघारी आलाय. कोयता लागला पायाला.”

घर दोन खणांचं, पुढे अंगण. अंगणात बाजेवर पायाला फडकं बांधलेला माणूस बसला होता. मी मनात राक्षस रंगवला होता. हा साधा, उन्हाने रापलेला, मऊ बोलणारा माणूस होता. लंगडत उठला, मला बाज दिली, स्वतः खाली बसला. उन्हाचं चालत आलाव साहेब, म्हणाला, आन् गावात बंद. आईला पाणी आणायला सांगितलं. मी काय कामाने आलो हे त्यानेच अर्धं सांगून टाकलं: कोतवालाने कागद दिलाय तो आईपाशी आहे, आई म्हणते कर्जाचा आहे, मास्तरांकडून एकदा वाचून घ्यायचा राहिलाय. म्हातारीने माझ्यापुढे तांब्या ठेवला आणि त्याला म्हणाली, साहेब पहिल्यांदा घरी आलेत, काळा चहा कसा द्यायचा, जा, वाड्यावरून दूध घेऊन ये. तो काठी टेकत गेला.

तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली. मग आत गेली, जवारीच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घालून पत्र काढलं आणि माझ्या मांडीवर टाकलं.

मी म्हणालो, हो, कर्जाचंच आहे. ते मलाच खोटं ऐकू आलं.

“मास्तरकडून वाचून घेतलाय,” ती म्हणाली. “मास्तरला लेकराची आण घातलीया. पोरगी केवढी झाली आता?”

शाळेत जाते, मी म्हणालो. तिने नुसती मान हलवली. बोलायला वेळ नव्हता आणि ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ती भराभर सांगत गेली. टोळीत दहा गावची माणसं असतात, आज ना उद्या कुणीतरी त्याला सांगणार, तुझी बायको पिंगळीला दिसली. मग तो जाणार. दारू प्याला की तो कुणाचाच नसतो, आईचाही नसतो. ती त्या दिवशी दारात उभी राहिली कारण तिचेही पाय हलले नाहीत. मग म्हणाली, “तुमी सरकारी हाव. लिवून द्या, मेली म्हणून. शिक्का मारा. शिक्क्याला त्यो भितो.”

लाज वाटते, पण मी म्हणालो, असं खोटं लिहिता येत नाही.

“आन् खरं लिवलंत, तवा काय झालं?”

मी दप्तर उघडलं, कोरा कागद मांडीवर घेतला. भाषा सवयीने उतरत गेली. पूर्वी पाठविलेल्या पत्रात नमूद महिला रुक्मिण मारोती ही मयत झाल्याचे चौकशीअंती समजून आले, सबब सदर पत्र रद्द समजावे व प्रकरण दप्तरदाखल करावे. सही केली. जन्मात कुणा ठेकेदाराला खोटा दाखला दिला नाही, पाकिटं परत केली, साहेबांचा रोष घेतला. आणि शिक्का मारताना मला नोकरी दिसत होती, पोलीस दिसत होते, घरची माणसं दिसत होती. पहिलं पत्र मी घडी करून आतल्या खिशात कोंबलं.

तो दुधाची लोटी घेऊन आला. काय निघालं साहेब, म्हणाला. म्हातारी चुलीपुढे बसली होती, तिने मान वळवली नाही. मी कागद हातात धरून सांगितलं, की तुमच्या बायकोसंबंधी आहे. ती दवाखान्यात वारली असं कळलंय.

तो उभाच राहिला. लोटी आधी जपून खाली ठेवली, सांडू नये म्हणून. मग विचारलं, “आन् पोरगी?”

मुलीचा विचार ना म्हातारीने केला होता ना मी. बाई मेली आणि मुलगी जिवंत, तर बाप मुलीला शोधत येणार. चिंध्यांच्या ढिगावर बाराखडी काढणारी पोर माझ्या डोळ्यांपुढे आली. म्हातारीकडे बघितलं तर तिची पाठ फक्त दिसत होती.

“तीही,” मी म्हणालो.

त्याच्यासमोर, त्याच कागदावर, मी एक ओळ वाढवली: तसेच तिची अज्ञान मुलगीही. पुन्हा सही, पुन्हा शिक्का, आणि कागद त्याच्या हातात दिला. तो बाजेच्या लाकडी कडेवर डोकं टेकून रडायला लागला. लहान मुलासारखा, नाक वाहीपर्यंत. मला वाटलं होतं की त्याचा राग येईल, पण फक्त भीती वाटली, कारण हे रडणंही खरं होतं आणि ते रॉकेलही खरं होतं. मी उठायला लागलो तर डोळे पुसत म्हणाला, चहा घेतल्याबिगर जाऊ नका साहेब. मी बसलो. त्याने आणलेल्या दुधाचा चहा त्याच्याच शेजारी बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

पिंगळीला जाऊन वच्छलाबाईंना सगळं सांगितलं. तिने सासूबद्दल ऐकलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवली. नंतर एवढंच विचारलं, रडला का? हो म्हणालो. मग तिने कात्री पुन्हा उचलली.

दाखला मी दिला. नाव वच्छला, वडिलांचं नाव वडिलांचं, आणि पतीच्या नावाच्या रकान्यात ‘निरंक’. सरकारी भाषेत काहीच नसणं याला निरंक म्हणतात. संस्थेला वसतिगृहाच्या गणवेशाची ऑर्डर मिळाली, पुढे दवाखान्याच्या चादरींची मिळाली. लोक कौतुक करत. मी मात्र गंगाखेड तालुक्याचं कुठलंही टपाल आलं की दुसऱ्या कुणाच्या हाती पडायच्या आत स्वतः फोडायचो. वच्छलाबाईंच्या मुलीला ताप आला असं कळलं की रात्र डोळ्यांत जायची. आपण तिला कागदावर मारून ठेवलंय आणि देव कागद वाचतो, असं काहीतरी खुळं डोक्यात बसलं होतं. असल्या गोष्टी मानणारा मी माणूस नव्हतो.

वर्ष-दीड वर्ष गेलं. एका दुपारी कचेरीत मान वर केली तर दारात ती म्हातारी. सोबत एक पोरसवदा सून, सतराअठराची. पदर कोपरापर्यंत घट्ट ओढलेला, एक हात पदरातच. माझ्या डाव्या हाताला अव्वल कारकून, काचेपलीकडे आमचे साहेब. म्हातारी सरळ माझ्या टेबलाशी आली. खाली वाकून हळू आवाजात सांगू लागली, की मारोतीचं दुसरं लग्न झालं. पोरीचा बाप आधी तयार नव्हता, पहिली बायको परत आली तर काय, म्हणत होता. तुमचा कागद दाखवला तेव्हा सोयरीक जमली. हे ती मला दोष द्यायला सांगत नव्हती, झालं ते सांगत होती. मग तिने पोरीला पुढे केलं.

“साहेब, हिचाबी कागद पायजे.”

पोर खाली बघत होती. अव्वल कारकुनाने लिहिता लिहिता हात थांबवला. दीड वर्षापूर्वीचं सगळं आत्ता, इथे, या टेबलावर उघडं पडणार, एवढंच मला दिसलं. आणि माझ्या तोंडातून ते वाक्य निघालं जे कचेरीतला माणूस झोपेतही बोलतो.

“उद्या या.”

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. तिला कारकून दिसला, काच दिसली, सगळं कळलं. वाद घातला नाही. पोरीला घेऊन निघून गेली. खिडकीतून मी त्यांना एसटी स्टँडच्या दिशेने जाताना बघितलं आणि सुटलो असं वाटलं, हेही लिहून ठेवतो. घरी जाऊन मजकूर मनात जुळवला. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी जाऊन बसलो, कागद तयार केला, फक्त नाव घालायचं ठेवलं. त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. गंगाखेडची गाडी रोज सुटत होती. बंद नव्हता, फाट्यावर कुणी नव्हतं. मी गेलो नाही. भ्यालो.

आठ दिवसांनी राहवेना म्हणून पिंगळीला गेलो आणि वच्छलाबाईंना सांगितलं. माझं म्हणणं तिला पटेल असं वाटलं होतं. शिक्का काय पुन्हा पुन्हा मारता येतो का, साहेब समोर, कारकून कान देऊन, नोकरीचा प्रश्न, असं सगळं मी बोलत गेलो. एकेक करत खोलीतल्या मशीन थांबल्या. ती शेवटपर्यंत ऐकून घेत होती.

“कागद कशाला पायजे व्हता, साहेब?” ती म्हणाली. “त्या दोघींला हिकडं लावून द्यायचं. आमी हाव की.”

परभणीहून पिंगळी पुढचंच स्टेशन. दोन तिकिटं काढून त्यांना गाडीत बसवून दिलं असतं तर झालं होतं. अकरा बायका होत्या, तेरा झाल्या असत्या. माझ्या डोक्यातच आलं नाही. मी उभा राहिलो, कुणी बसा म्हटलं नाही. मग शांताबाईंनी पायाखालच्या फळीला धक्का दिला, आणि एकामागून एक सगळ्या मशीन सुरू झाल्या.